अक्षरांचा शेजार

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी प्रमाणपत्रे तयार करण्याचे काम एकदा आमच्याकडे आले. संगणकावर एक झोकदार, किंचित तिरके, हाताने लिहिल्यासारखे दिसणारे इंग्रजी वळण निवडले. त्यात ‘सर्टिफिकेट’ हा शब्द टाइप केला आणि कागद छापून घेतला. प्रमाणपत्र देखणे झाले होते. सहावीतल्या एका मुलीला ते दाखवून आम्ही सहज विचारले, ‘‘हे कोणी लिहिलं असेल?’’ तिने क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाली, ‘‘कोणीच नाही. यातले दोन्ही ‘टी’ अगदी सारखे आहेत. दोन्ही ‘ई’ पण. हाताने असं येतच नाही.’’

मुलीचे निरीक्षण अचूक होते. हाताने लिहिताना एकाच शब्दात दोनदा आलेले अक्षर दोन वेळा सारखे उमटत नाही. याला हाताचा कच्चेपणा हे एक कारण असेल, पण ते एकमेव नाही. अक्षराच्या मागे कोणते अक्षर आले आणि पुढे कोणते येणार, त्यानुसार हात वळतो. म्हणजे हस्ताक्षरातले अक्षर शेजाऱ्यांचे भान ठेवून उमटते. छापील अक्षर मात्र सुटे असते, त्याला शेजार माहीत नसतो. मग सुट्या अक्षरांतून हस्ताक्षराचा भास निर्माण करायचा कसा? मुद्रकांनी आणि अक्षरकारांनी या प्रश्नाशी पाचशे वर्षे झुंज दिली आहे. त्या झुंजीत आपली मोडीही येते, आणि शेवटी आपल्या वर्गातल्या वह्याही येतात.

लेखणीने घडवलेले वळण

आमच्या प्रमाणपत्रावरचे वळण ज्या कुळातले होते, त्याचा उगम पंधराव्या शतकातल्या इटलीत आहे. फ्लॉरेन्स शहरात निकोलो निकोली (मृत्यू १४३७) नावाचा एक विद्याप्रेमी गृहस्थ राहत असे. जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला करण्याचा त्याला ध्यास होता. त्या काळी ग्रंथलेखनासाठी सुटसुटीत, उभे, गोलसर अक्षर पसंत केले जाई. ते सुंदर दिसे, पण लिहायला वेळ लागे. निकोली भरभर लिहू लागला, तशी त्याची अक्षरे थोडी उजवीकडे कलली, अरुंद झाली आणि एकमेकांना जोडली जाऊ लागली. पुढे पोपच्या कचेरीतल्या लेखनिकांनी असेच वळण पत्रव्यवहारासाठी घोटून तयार केले. कचेरीला तिकडे ‘चान्सरी’ म्हणत, म्हणून या वळणाला ‘चान्सरी’ वळण असे नाव पडले. आपल्याकडे दप्तरातल्या कारकुनांच्या हातून जसे एक वळण तयार झाले, तसाच हा प्रकार.

या वळणातला जाड-बारीकपणा कोठून येतो? त्याचे उत्तर लेखणीच्या टोकात आहे. टोक अणकुचीदार नसून पट्टीसारखे रुंद असते, आणि लिहिणारा ते एकाच कोनात धरून ठेवतो. समजा, टोक ४ मिलिमीटर रुंद आहे आणि आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करते. टोकाच्या दिशेनेच रेघ ओढली तर ती केसासारखी बारीक येते. त्या दिशेला काटकोनात ओढली तर पूर्ण ४ मिलिमीटर जाड येते. उभी किंवा आडवी ओढली तर सुमारे २.८ मिलिमीटर. सूत्र सोपे आहे : टोकाची रुंदी गुणिले, टोक आणि रेघ यांच्यामधील कोनाचे साइन. नववी-दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण घेता येईल.

याच सूत्राने आणखी एक गोष्ट उलगडते. इंग्रजी वळणात वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी रेघ जाड असते. देवनागरीत नेमके उलट आहे, कारण आपल्या बोरूचे टोक उलट बाजूला तिरके कापलेले असते. इंग्रजीसाठी कापलेली लेखणी देवनागरीला वापरली की अक्षर ओळखीचे असूनही परके का दिसते, ते यावरून कळते.

खिळ्याचा चौकोन

आता छपाईकडे येऊ. खिळा, म्हणजे छपाईचा सुटा टाइप, कसा तयार होई? पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ती कांब तापवून, विझवून कठीण करायची आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची. तांब्यात अक्षराचा खोलगट साचा उमटतो. त्यावर शिसे, कथिल आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. एका साच्यातून हजारो खिळे पाडता येतात आणि ते सगळे सारखेच निघतात. छपाईचे सारे बळ या सारखेपणात आहे.

पण खिळ्याचे अंग काटकोनी असते. एका शेजारी दुसरा घट्ट बसला पाहिजे, नाही तर ओळ पक्की आवळता येत नाही. तिरक्या, शेपट्या सोडणाऱ्या अक्षराला हा चौकोन पुरत नाही. शेपटी चौकोनाबाहेर काढली तर तिच्याखाली आधार नसतो आणि दाबाखाली ती तुटते. शेपटी आखडली तर अक्षराचा डौल जातो. शिवाय दोन खिळ्यांमधली फट राहतेच.

या अडचणीला पहिले मोठे उत्तर व्हेनिसमध्ये मिळाले. आल्दुस मानुतियुस या विद्वान प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने निकोलीच्या परंपरेतले तिरके वळण पोलादात कोरले. १५०१ साली त्या खिळ्यांनी कवी व्हर्जिलचे एक लहान, हातात धरून वाचण्याजोगे पुस्तक निघाले. इटलीत जन्मले म्हणून या वळणाला पुढे ‘इटॅलिक’ म्हटले गेले. ग्रिफोने अक्षरांना शेजार परत मिळवून द्यायला एक युक्ती केली. जी अक्षरे लिहिताना एकमेकांत गुंततात, त्यांच्या जोड्या त्याने एकाच खिळ्यावर कोरल्या. असे साठेक जोडखिळे त्याने केले. जोडाक्षरांची सवय असलेल्या आपल्याला ही युक्ती लगेच समजते.

आल्दुसने पहिल्या पुस्तकात ग्रिफोचे कौतुक केले, पण या खिळ्यांच्या वापराचा मक्ता व्हेनिसच्या राज्याकडून मिळवला तो स्वतःच्या नावाने. लवकरच दोघांचे बिनसले आणि ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. हे वळण खरोखर ज्याच्या हातातून उतरले तो ग्रिफोच, असे १५०३ साली सोन्चिनो नावाच्या दुसऱ्या मुद्रकाने आपल्या एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत जाहीरपणे छापले.

लाकूड, तांबे आणि दगड

खिळ्यांचा चौकोनच नको असेल तर दुसराही मार्ग होता : सबंध पान एकदम कोरायचे. पोपच्या कचेरीतला लेखनिक लुदोविको देग्ली अर्रिगी याने चान्सरी वळण शिकवणारे एक छोटे पुस्तक काढले. त्यावर साल १५२२ चे आहे. हा एका अर्थाने छापील कित्ताच. त्याची पाने खिळ्यांनी जुळवलेली नाहीत. अर्रिगीने लिहिलेली पाने लाकडी ठोकळ्यांवर जशीच्या तशी कोरली गेली. त्यामुळे अक्षरांचे जोड, शेपट्या, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत डोकावणाऱ्या रेघा, सारे शाबूत राहिले. पण ठोकळा त्या एका पानापुरताच, त्यातली अक्षरे सोडवून दुसरे पान जुळवता येत नाही. पुढे अर्रिगीनेही एका कुशल कोरक्याच्या मदतीने स्वतःच्या वळणाचे खिळे पाडून घेतले. ते सुबक आहेत, पण कित्त्यातल्या अक्षरांपेक्षा बरेच संयमी.

फ्रान्समध्ये रोबेर ग्रांजाँ या कारागिराने १५५७ साली लिओं शहरात फ्रेंच लोकांच्या रोजच्या हस्ताक्षराचे खिळे केले. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे त्याने कोरली, शब्दाच्या शेवटी येणारे रूप वेगळे ठेवले. मुलांना शिष्टाचार शिकवणारी पुस्तके या खिळ्यांत छापली जाऊ लागली. त्यातून मुले वागणुकीबरोबर हाताने लिहिलेला मजकूर वाचायलाही शिकत. या पुस्तकांवरूनच त्या वळणाला ‘सिव्हिलिते’, म्हणजे शिष्टाचार, हे नाव चिकटले.

पुढे इंग्लंडात तांब्याच्या पत्र्यावर कोरून कित्ते छापण्याची पद्धत रुळली. जॉर्ज बिकम याने १७३३ ते १७४१ या काळात अनेक लेखनगुरूंची वळणे कोरून भागाभागाने प्रसिद्ध केली. या वळणाची लेखणी टोकदार आणि लवचीक असे. दाब दिला की तिच्या टोकाचे दोन भाग फाकतात आणि रेघ जाड होते. इथे जाडी कोनावर नव्हे, तर दाबावर ठरते. आमच्या आजोबांच्या पिढीने टाक-दौत घेऊन जे ‘कॉपरप्लेट’ इंग्रजी गिरवले, ते हेच.

तिसरा मार्ग दगडाचा. १७९८ च्या सुमारास जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने शिळाछापाची पद्धत शोधली. सपाट चुनखडीवर तेलकट शाईने लिहायचे आणि दगड पाण्याने ओला करायचा. नंतर शाईचा रूळ फिरवला की कोऱ्या, ओल्या भागाला शाई चिकटत नाही, फक्त अक्षरांना चिकटते. इथे कोरणेच नाही. हाताने लिहिलेले जसेच्या तसे छापले जाते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली याच पद्धतीने पंचांग छापले आणि त्यानंतर त्यांनी स्वतः खिळेही पाडले. मराठी छपाईच्या आरंभीच्या दशकांत शिळाछाप आणि खिळाछाप अशा शेजारी-शेजारी नांदल्या. एकीत हस्ताक्षराचा प्रवाहीपणा होता, दुसरीत खिळे पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय.

मोडीचे काय झाले?

अक्षरांचा शेजार जिच्यात सर्वांत घट्ट आहे, अशी एक लिपी आपल्याच घरात होती. मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या शिरोरेघा आखून घेतात. मग त्या रेघेला लगटून, हात शक्य तितका न उचलता अक्षरे वळवीत जातात. अनेक अक्षरांना काना, उकार लागला की अक्षर आणि खूण मिळून एक नवेच रूप तयार होते. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचाही रिवाज नाही. सारी रचना वेगासाठी आहे.

अशा लिपीचे खिळे पाडता येतात का? येतात. बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८१० साली प्रसिद्ध केलेल्या मराठी कोशातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापलेले आहेत. पण खिळ्यांत बसवलेली मोडी ही थांबलेली मोडी. तिचा वेगाचा फायदा छपाईत काहीच उरत नाही, कारण जुळाऱ्याला प्रत्येक खिळा हातानेच उचलावा लागतो. छापण्यासाठी बाळबोध आणि लिहिण्यासाठी मोडी अशी वाटणी होत गेली. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला. त्यातून वाढलेल्या निर्णयसागरने बाळबोध अक्षरांना जे सुबक रूप दिले, ते महाराष्ट्राच्या डोळ्यांत बसले. मोडी मागे पडण्याची कारणे अनेक आहेत, सारा दोष खिळ्यांवर टाकणे बरोबर नाही. तरीही छापील अक्षर हेच ‘खरे’ अक्षर ठरले, की हाताच्या अक्षराची किंमत उतरते, हे यातून दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकवली जात होती. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे मोजकी.

बाळबोधीलाही खिळ्याच्या चौकोनाचा जाच झालाच. रफार, मात्रा, वेलांट्या अक्षराच्या अंगाबाहेर झुकतात. इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक प्रकारचे खिळे बाळगावे लागत. म्हणून विसाव्या शतकात ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु) यांसारख्या सुधारणा सुचवल्या गेल्या, काही नियतकालिकांनी वापरल्याही. यंत्राला लिपी जमत नाही, तर लिपीनेच बदलावे, असा तो विचार होता. यंत्र बदलेल, अशी त्या वेळी फारशी कोणाला कल्पना नव्हती.

यंत्र शेजार शिकते

यंत्र बदलले, आणि त्याची एक कथा आमच्या प्रमाणपत्राशी येऊन मिळते. १९१८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेल्या हर्मन झाफ यांना विद्युत अभियंता व्हायचे होते. वडील कामगार संघटनेत असल्यामुळे नाझी राजवटीत ती वाट बंद झाली. छायाचित्रांवर हात फिरवण्याच्या कामाची उमेदवारी करता करता ते पुस्तकांवरून स्वतःच सुलेखन शिकले. महायुद्धात त्यांना नकाशे काढण्याचे काम मिळाले. १९४४ साली त्यांनी आपल्या वहीत एक अतिशय मुक्त, लांब शेपट्यांची वर्णमाला लिहून ठेवली. युद्धानंतर धातूच्या खिळ्यांत हस्ताक्षर उतरवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला, पण चौकोन आडवा आला. वहीतली वर्णमाला वहीतच राहिली.

१९७९ साली त्यांचे ‘झाफ चान्सरी’ हे वळण प्रसिद्ध झाले. हे निकोली-अर्रिगीचेच वंशज. १९८६ च्या सुमारास संगणकाला जोडायच्या एका लेझर छपाईयंत्रात ते आधीच भरून मिळू लागले आणि जगभरच्या निमंत्रणपत्रिकांवर, प्रमाणपत्रांवर दिसू लागले. तेवढ्यात झाफ यांनी विज्ञानशिक्षकांना आवडेल असे एक काम केले. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्याबरोबर त्यांनी ‘ऑयलर’ नावाचा गणिती फॉन्ट आखला. उत्तम हस्ताक्षर असलेला गणिती फळ्यावर समीकरणे कशी लिहील, तसा तो दिसावा, ही कल्पना होती. त्यातल्या शून्याला माथ्याशी किंचित टोक आहे, हाताने वर्तुळ मिटवताना येते तसे.

या फॉन्टवर काम केलेल्या डेव्हिड सीगल या तरुणाने १९९३ मध्ये झाफ यांना एक प्रश्न घातला : एकाच अक्षराची अनेक रूपे ठेवून, जागेनुसार वेगळे रूप येईल असा फॉन्ट करता येईल का? पुढे सीगल या कामातून बाहेर पडले, पण झाफ यांनी १९४४ ची वही पुन्हा काढली. १९९८ मध्ये ‘झाफिनो’ बाजारात आला. धातूत जे अशक्य होते ते आता शक्य झाले, कारण संगणकातल्या अक्षराला लाकडा-शिशाचे अंग नसते. त्याची शेपटी शेजाऱ्याच्या अंगणात खुशाल जाऊ शकते, तुटत नाही. या फॉन्टच्या नंतरच्या एका आवृत्तीत चौदाशेहून अधिक अक्षररूपे आहेत. आपण टाइप करत जातो तसा संगणक मागची-पुढची अक्षरे पाहतो आणि जवळच्या तक्त्यातून योग्य रूप निवडतो. त्यात ‘झाफिनो’ हाच शब्द टाइप केला तर सबंध शब्दाचे एक जोडलेले रूप उमटते.

हा ‘शेजार पाहून रूप बदला’ असा तक्ता देवनागरीसाठी चैन नसून रोजची गरज आहे. ‘र’ हे अक्षर घ्या. ‘सूर्य’मध्ये ते माथ्यावर चढते, ‘चक्र’मध्ये पोटात तिरकी रेघ होते, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी टोपीसारखे बसते, ‘दऱ्या’मध्ये आडवे होते. ‘कु’चा उकार खाली, ‘रु’चा मधोमध. रोमन लिपीत हे तंत्र मुख्यतः डौलासाठी उपयोगी पडते, आपल्याकडे त्याच तंत्रावाचून साधे वाक्यही शुद्ध उमटत नाही. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडीची शेजाराने बदलणारी रूपे आता फॉन्ट सांभाळू शकतो.

वर्गात करून पाहा

एक, दोन पेन्सिली रबराने घट्ट बांधा आणि दोन्ही टोके सतत एकाच कोनात ठेवून ‘ग’, ‘म’, ‘ळ’ लिहा. दोन रेघांमधले अंतर म्हणजे रुंद टोकाची जाडी. कोन उलटा करून पुन्हा लिहा आणि कोणते अक्षर मराठी वाटते ते पाहा.

दोन, मुलांना ‘मामा’, ‘काका’, ‘बाबा’ हे शब्द नेहमीच्या वेगाने दहा-दहा वेळा लिहायला सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या अक्षराची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून तक्ता करा. मग तेच शब्द पाठ्यपुस्तकात शोधून मोजा. फरक कुठे पडतो, तो शब्दाच्या सुरुवातीला, शेवटी की वेग वाढला की पडतो, यावर मुलांना बोलू द्या.

आणि मग आपण स्वतःला एक प्रश्न विचारू. वही तपासताना आम्ही वर्षानुवर्षे ‘छापल्यासारखे अक्षर’ असा शेरा कौतुकाने लिहीत आलो. ज्यांचे अक्षर तसे नव्हते त्यांना पुन्हा गिरवायला लावले. वळण घोटून घेणे आवश्यकच आहे. अक्षर वाचता आले पाहिजे, त्याला लय हवी, ओळ सरळ हवी. पण प्रत्येक ‘क’ हुबेहूब सारखा असलाच पाहिजे, ही अपेक्षा खिळ्याची आहे, हाताची नाही. ग्रिफोपासून झाफपर्यंतचे कसबी लोक जी विविधता यंत्रात आणण्यासाठी आयुष्यभर धडपडले, ती मुलांच्या हातात आयतीच असते. तिला चूक समजून आम्ही लाल शाईने गोल करीत होतो.

आता आम्ही वही तपासताना अक्षर आधी वाचून पाहतो. वाचता आले आणि ओघ असेल, तर दोन ‘क’ वेगळे निघाल्याबद्दल काही बोलत नाही. वरचे प्रयोग आपल्या वर्गात करून पाहा. मुलांना काय काय दिसले, ते आम्हाला जरूर कळवा, आणि शक्य असेल तर पत्र हाताने लिहा.